पाडायचे की सांभाळायचे?



गेल्या पावसाळ्यापासून आपल्या धर्मग्रामात एकच विषय घोळतो आहे. चर्चच्या पश्चिमेकडच्या भिंतीला ओल चढली आहे, क्वायरच्या माळ्यावर पाणी ठिबकते, आणि मिस्साच्या वेळी मागच्या बाकांवरची माणसे वर पाहत बसतात. मिस्सा संपल्यावर आवारात जी चर्चा होते ती आपण सर्वांनी ऐकली आहे. काही जण म्हणतात, आता डागडुजी पुरे, जुने पाडून स्लॅबचे प्रशस्त चर्च बांधूया. काही जणांना हा विचारही सहन होत नाही. त्यांचे आजी-आजोबा याच वेदीपुढे लग्नाला उभे राहिले होते. दोन्ही बाजूंना देवाच्या घराची काळजी आहे, हे आम्ही मनापासून मानतो.

हा विषय आता लघु ख्रिस्ती समूहांच्या बैठकींत येणार आहे. तिथे नुसती मते मांडण्यापेक्षा थोडा अभ्यास करून यावे, म्हणून हा लेख. आमचे मत सुरुवातीलाच सांगतो: जाणकारांकडून नीट तपासणी करून घेतल्याशिवाय आणि दुरुस्तीचा प्रामाणिक प्रयत्न केल्याशिवाय पाडण्याचा विचार करू नये. इमारत तिच्या वयामुळे पडत नाही. पाणी आत शिरू लागते आणि तिकडे कोणी लक्ष देत नाही, तेव्हा ती पडते.

योवाश राजाची पेटी

पवित्र शास्त्रात देवाच्या मंदिराच्या दुरुस्तीची हकिगत एकदा नव्हे, दोनदा आली आहे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय घरी जरूर वाचावा. शलमोनाने बांधलेल्या मंदिराला तोवर शंभराहून अधिक वर्षे झाली होती. भिंतींना भगदाडे पडली होती. योवाश राजाने याजकांना सांगितले की लोकांकडून येणाऱ्या पैशातून दुरुस्ती करा. पण राजाच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष उजाडले तरी काम झालेच नव्हते! पैसा येत होता आणि रोजच्या खर्चात जात होता. (धर्मग्रामाचे हिशेब ज्यांनी पाहिले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही.)

मग यहोयादा याजकाने एक साधी गोष्ट केली. त्याने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ उजव्या बाजूस ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि प्रमुख याजक असे दोघे मिळून पैसे मोजीत, थैल्यांत बांधीत आणि कामावर देखरेख करणाऱ्यांच्या हाती देत. त्यातून सुतार, गवंडी आणि पाथरवट यांची मजुरी दिली जाई, लाकूड आणि घडीव दगड विकत घेतले जात. शास्त्र आणखी एक बारकावा नोंदवते: त्या पैशातून चांदीचे पेले, कातरी, कर्णे असे काहीच केले गेले नाही. आधी भिंत, मग सजावट. आज चर्चला नवे झुंबर द्यायला देणगीदार चटकन मिळतो, पन्हाळीसाठी मात्र मिळत नाही, म्हणून हा बारकावा आम्हांला फार मोलाचा वाटतो.

दुसरी हकिगत याच पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. योशीया राजाच्या अठराव्या वर्षी मंदिराची पुन्हा दुरुस्ती निघाली, आणि ते काम चालू असताना हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचे पुस्तक सापडले. ते राजाला वाचून दाखवले तेव्हा त्याने आपली वस्त्रे फाडली, आणि साऱ्या राष्ट्राचे जीवन बदलले. दुरुस्ती करणारा माणूस इमारतीचा कोपरा न् कोपरा हाताळतो. पाडणारा तो पाहत नाही, त्याला राबिट उचलायची घाई असते.

आपल्या दाराशीच असलेला धडा

आता आपल्या किनाऱ्याकडे पाहूया. रेवदंड्याला नारळ-पोफळीच्या वाड्यांतून आपण कितीदा गेलो असू. कोटाच्या आत जे पडके मनोरे आणि कमानी दिसतात ती एकेकाळी आपल्यासारखीच चर्चे होती. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज चौलला आले, १५२१ च्या सुमारास त्यांनी तिथे किल्ला बांधायला घेतला, आणि पुढे त्या कोटात फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन आणि जेज्विट संघांची चर्चे व मठ उभे राहिले. ज्याला आपण सातखणी म्हणतो तो उंच मनोरा फ्रान्सिस्कनांच्या संत बार्बराच्या चर्चचा. संत फ्रान्सिस झेवियर यांनी जिथे उपदेश केला असे परंपरा सांगते, ते लहानसे चॅपेलही तिथेच आहे.

१७३९ साली वसई पडली आणि १७४० साली चौल व कोर्लई मराठ्यांकडे गेले. संघांचे धर्मगुरू निघून गेले, कोटातली वस्ती विरळ झाली. चर्चे कुणी एका दिवसात पाडली म्हणून अशी झाली असे नाही. ज्या इमारतीत दर रविवारी कोणी येत नाही, तिचे एक कौल सरकले तर ते कोण पाहणार? कौल सरकले की वासा कुजतो, वासा मोडला की भिंतीचा माथा उघडा पडतो, उघड्या माथ्यात पाणी मुरते, पक्ष्याने टाकलेले पिंपळाचे बी रुजते. नंतरचे काम मुळे करतात.

या क्रमाच्या तारखा पाहायच्या असतील तर जुन्या गोव्याकडे वळावे लागेल. तिथले संत ऑगस्टीनचे भव्य चर्च १८३५ साली, धर्मसंघांवर बंदी आली तेव्हा, ओस पडले. अवघ्या सात वर्षांनी, १८४२ मध्ये, त्याचे घुमटाकार छत कोसळले. १९३१ साली दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा हिस्सा पडला. आज जो एकाकी मनोरा पर्यटक पाहतात तो उरलेला अर्धा. त्या चर्चला दोनशेहून अधिक वर्षांनी काही केले नव्हते, ते निकामी केले दुर्लक्षाच्या सात पावसाळ्यांनी.

आणि खाडीपलीकडे कोर्लई! तिथल्या किल्ल्यातही चर्चचे अवशेष आहेत. पण किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात माणसे राहिली, त्यांनी श्रद्धा टिकवली, आणि पोर्तुगीज व मराठी यांच्या मिलाफातून झालेली आपली बोली, ‘नॉ लिंग’ म्हणजे आमची भाषा, तीही टिकवली. गावात माउंट कार्मेल मातेचे चर्च आहे आणि तिथे आजही मिस्सा होते. कोटातले मनोरे आणि गावातले चर्च यांच्यामध्ये फार तर एका खाडीचे अंतर आहे. एकीकडे उत्तम बांधकाम होते, पण माणसे उरली नाहीत. दुसरीकडे साधी माणसे होती, आणि ती गेली नाहीत. आपल्या चर्चकडे आज माणसे आहेत. रेवदंड्याच्या चर्चांना जे मिळाले नाही ते आपल्या चर्चला मिळालेले आहे, हे विसरून चालणार नाही.

छप्पर, चुना आणि सिमेंट

थोडे बांधकामाबद्दल बोलूया, कारण आवारातल्या चर्चेत सगळ्यांत जास्त गैरसमज याच बाबतीत दिसतात.

आपल्या किनाऱ्यावरची जुनी चर्चे दगड आणि चुन्याची आहेत, वर लाकडी कैच्या आणि कौले. कोकणात शिंपले भाजूनही चुना करीत. तो भिजवून, वाळू घालून घाणीत मळीत. चुन्याचा गिलावा सिमेंटइतका कडक नसतो, आणि तोच त्याचा गुण आहे. दगडी भिंत जमिनीतून आणि पावसातून ओल घेते आणि उन्हाळ्यात ती चुन्यावाटे बाहेर टाकते. भिंत श्वास घेते म्हणा ना. अशा भिंतीवर आपण घट्ट सिमेंटचा गिलावा मारला आणि वर चकचकीत ऑइलपेंट लावला की तिचे नाक-तोंड बंद होते. ओल आतच अडकते, खारी हवा असल्यामुळे क्षार साठतात, दोन-तीन पावसाळ्यांत फुगवटे येतात आणि गिलाव्याच्या खपल्या पडू लागतात. मग आपण म्हणतो, ‘भिंत जुनी झाली.’ भिंतीने काही गुन्हा केलेला नसतो.

उलट टोकाची चूकही तितकीच वाईट. गोव्याच्या बॉम जीझस बॅसिलिकात, जिथे संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आहेत, १९५० च्या दशकात बाहेरचा चुन्याचा गिलावा मुद्दाम काढून टाकण्यात आला. वास्तू अधिक पुरातन दिसावी असा त्यामागचा विचार होता. १६०५ साली पूर्ण झालेल्या त्या चर्चच्या जांभ्याच्या भिंती तेव्हापासून उघड्यावर पाऊस खात आहेत. जांभा मऊ असतो, तो झिजतो. ‘दगडी लुक’ हवा म्हणून हौसेने गिलावा खरवडणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. गिलावा म्हणजे भिंतीचा अंगरखा आहे.

स्लॅबबद्दलही एक शब्द. पुष्कळांना वाटते की एकदा स्लॅब पडला की शंभर वर्षे चिंता नाही. समुद्राच्या काठी राहणाऱ्यांनी तरी असे म्हणू नये. खारी हवा आणि ओल काँक्रीटच्या बारीक भेगांतून आत जाते, सळ्या गंजतात, गंजलेली सळी फुगते आणि खालचे काँक्रीट ढलप्यांनी सुटते. आपल्या गावातल्या तीस-चाळीस वर्षांच्या किती इमारतींच्या गॅलऱ्यांखाली सळ्या उघड्या दिसतात ते मोजा. काँक्रीट वाईट नाही, पण त्यालाही निगा लागते, आणि निगा न ठेवणाऱ्या धर्मग्रामाचे नवे चर्चही लवकरच जुने होते.

‘पण निसर्ग वादळाचे काय?’ हा प्रश्न रास्त आहे. ३ जून २०२० रोजी ते चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर आदळले, घरोघरची कौले आणि पत्रे उडाले, त्या दिवसाची भीती अजून गेलेली नाही. त्या अनुभवावरून स्लॅबच हवा असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कौलारू छप्परही वाऱ्याला तोंड देईल असे करता येते. कैच्या भिंतीच्या माथ्याशी लोखंडी पट्ट्यांनी जखडता येतात, कडेच्या आणि आढ्याजवळच्या कौलांना तारेने बांधता येते, कुजलेल्या रिपा बदलता येतात. आपले वाडवडील दर वर्षी पावसाळ्यापूर्वी शाकारणी करीत. कौले उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वासे ठोकून पाहायचे, वाळवी दिसली तर तिथेच तोडायची. ही पद्धत आपल्यातून गेली ती कौले वाईट होती म्हणून नव्हे. छपरावर चढणारी माणसे मुंबईला गेली.

ख्रिस्तसभा काय म्हणते?

चर्चची इमारत ही आपल्या पिढीची खासगी मालमत्ता नाही, आपण तिचे राखणदार आहोत. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये याविषयी स्पष्ट नियम आहेत. चर्च बांधताना आणि दुरुस्त करताना तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा आणि उपासनेची व पवित्र कलेची तत्त्वे पाळावीत, असे कलम १२१६ सांगते. चर्च स्वच्छ व सुंदर राखणे आणि त्यातल्या पवित्र व मौल्यवान वस्तूंसाठी नेहमीची निगा व सुरक्षा यांची व्यवस्था करणे ही संबंधितांची जबाबदारी, असे कलम १२२० म्हणते. जुन्या किंवा कलात्मक मोलाच्या पूज्य प्रतिमा दुरुस्त करायच्या असतील तर अधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते, आणि त्यांनी आधी जाणकारांचा सल्ला घ्यायचा असतो, हे कलम ११८९. म्हणजे कुणीतरी सद्‌भावनेने मातेच्या जुन्या लाकडी पुतळ्याला दुकानातून आणलेला रंग फासणे हेही नियमात बसत नाही!

चर्च कधीच सोडू नये असेही ख्रिस्तसभा म्हणत नाही. एखादे चर्च उपासनेसाठी कोणत्याही प्रकारे वापरता येत नसेल आणि ते दुरुस्त करण्याची शक्यताच नसेल, तर बिशप ते अन्य योग्य वापरासाठी देऊ शकतात, असे कलम १२२२ म्हणते. म्हणजे पहिला प्रश्न ‘नवे केवढे बांधायचे?’ हा नाही. ‘हे दुरुस्त होऊ शकते का?’ हा आहे.

दुरुस्ती होऊ शकते याची उदाहरणे दूर शोधायला नकोत. मुंबईत भायखळ्याच्या ग्लोरिया चर्चचे संवर्धन झाले आणि २०१९ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याचा गौरव झाला. त्याच वर्षी मुंबईच्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगलाही तो मान मिळाला. बेने इस्रायल शेजाऱ्यांबरोबर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्या अलिबाग-रेवदंड्याच्या लोकांना ही बातमी विशेष आनंदाची वाटावी. पॅरिसचे नोत्र दाम कॅथेड्रल १५ एप्रिल २०१९ रोजी जळाले तेव्हा छपराचे सगळे लाकूड भस्म झाले. तिथल्या सुतारांनी कुऱ्हाडीने तासून ओकच्या तुळया पुन्हा घडवल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये दारे उघडली. ते पैसे आपल्याकडे नाहीत, हे खरे. पण आपल्याकडे आगही लागलेली नाही, ओल आली आहे.

नवे हवे म्हणणाऱ्यांसाठी

या मंडळींचे म्हणणे आम्ही हलके मानत नाही. सणाच्या दिवशी निम्मी माणसे उन्हात उभी असतात. वृद्धांना पायऱ्या चढवत नाहीत. गाड्या रस्त्यावर लागतात. आणि इमारत खरोखर धोकादायक असेल तर एकाही मुलाच्या जिवापेक्षा कोणतीही भिंत मोठी नाही. तपासणीत तसे निघाले तर आम्हीच सर्वांत आधी दार बंद करा म्हणू.

इतिहासही त्यांच्या बाजूने थोडा बोलतो. रोमचे संत पेत्राचे जुने महामंदिर, सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातले, पोप दुसरे ज्युलियस यांनी पाडायला घेतले आणि १५०६ साली नव्याचा पाया घातला. आज त्या नव्याकडे पाहून कोणाला पश्चात्ताप होतो? मात्र ते पूर्ण होऊन त्याचे समर्पण व्हायला १६२६ साल उजाडले. त्यासाठी निधी जमवण्याच्या प्रयत्नांतून जे वादळ उठले त्यात ख्रिस्तसभाच दुभंगली. बांधकामाचा निधी ही साधी बाब नाही, एवढे यातून घ्यावे.

एज्राच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात एक हृद्य प्रसंग आहे. हद्दपारीतून परतलेल्या लोकांनी नव्या मंदिराचा पाया घातला तेव्हा तरुण आनंदाने जयघोष करीत होते, आणि ज्यांनी पहिले मंदिर पाहिले होते ते वृद्ध मोठ्याने रडत होते. जयघोष कोणता आणि रडणे कोणते हे लोकांना वेगळे ओळखता येईना. तिथे निदान जुने मंदिर शत्रूने पाडले होते. आपल्याकडे ते आपण पाडणार आहोत, म्हणून त्या रडण्याचा विचार आधी करावा.

जागा कमी पडते यावर एक तोडगा असिसीत पाहायला मिळतो. तरुण फ्रान्सिसला साधारण १२०५ च्या सुमारास सान दामियानोच्या पडक्या चॅपेलात क्रूसावरून हाक ऐकू आली की माझे कोसळणारे घर दुरुस्त कर. त्याने ती अगदी शब्दशः घेतली आणि दगड मागत फिरला, स्वतः खांद्यावरून वाहिले. पोर्झिउंकोला नावाचे दुसरे चिमुकले चॅपेलही त्याने असेच सावरले. पुढे यात्रेकरू मावेनात, तेव्हा सोळाव्या शतकात त्या चॅपेलभोवती प्रचंड बॅसिलिका उभारायला घेतली, पण चॅपेल आत तसेच ठेवले. आजही मोठ्या मंदिराच्या मधोमध ते छोटे दगडी घर उभे आहे. आपल्याकडे मोकळ्या बाजूला पडवी वाढवणे, सणासाठी कायमचा मांडव बांधणे, बाजूच्या दाराला उतार करणे, हे सगळे मूळ भिंतीला हात न लावता शक्य आहे की नाही, हे एखाद्या वास्तुविशारदाला विचारायला काय हरकत आहे? (सातखणी बांधणारे फ्रान्सिस्कन याच संताचे अनुयायी, हे जाता जाता.)

आता काय करावे

आमची विनंती अशी. पॅरिश कौन्सिलने आर्चडायोसिसच्या कार्यालयाला लिहून जुन्या दगडी बांधकामाचा अनुभव असलेल्या अभियंत्याकडून स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावे. ‘जुन्या’ हा शब्द महत्त्वाचा. ज्यांनी आयुष्यभर फक्त काँक्रीट पाहिले आहे ते दगड-चुन्याच्या भिंतीला पाहताक्षणी धोकादायक ठरवतात. ऑडिटचा अहवाल मराठीत करून सूचना फलकावर लावावा. तोवर पन्हाळी साफ करणे, भिंतीच्या पायाशी साचलेली माती काढून पाणी दूर वळवणे, मनोऱ्यावरचे पिंपळाचे रोप मुळासकट काढणे, एवढे तरी पावसापूर्वी व्हावे. त्याला कोणाचीही परवानगी लागत नाही. शिडी लागते.

वेदीच्या उजव्या बाजूला येत्या रविवारपासून झाकणाला भोक पाडलेली एक लाकडी पेटी ठेवली जाईल. तिच्यातले पैसे फादर आणि कौन्सिलचे दोन सभासद मिळून मोजतील आणि आकडा पुढच्या अंकात छापला जाईल. त्यातून फक्त छप्पर आणि भिंत. ज्यांच्याकडे चर्चचे जुने फोटो असतील, लग्नाचे, पहिल्या ख्रिस्तशरीराचे, मिरवणुकीचे, कोणत्याही प्रसंगाचे, ज्यांत मागे छप्पर, माळा किंवा पश्चिमेची भिंत दिसते, त्यांनी ते कार्यालयात आणावेत. प्रत काढून लगेच परत देऊ. त्या भिंतीवर सिमेंट कधी चढले हे आम्हांला त्या फोटोंवरून शोधायचे आहे.